मैदानाला भिंत कुठं असते

संपादकांचं पत्र आलं की, अंकासाठी 'व्यायामाचे महत्त्व' या विषयावर चार पानं लिहून द्या. व्यायामाचं महत्त्व मी तीस वर्षं मैदानावर घसा फोडून सांगितलं, आता ते कागदावर सांगायचा कंटाळा आला आहे. त्यापेक्षा खरं काय ते लिहितो. मी तीस वर्षं ड्रिल मास्तर होतो आणि त्यातली बरीच वर्षं एका माणसावर मनातल्या मनात जळत होतो.

हे आताच सुचायचं कारण नातवाची शाळा. परवा तो डबा विसरून गेला म्हणून द्यायला गेलो. मैदानावर पीटीचा तास चालला होता. मास्तर तरुण, पांढरी पँट, गळ्यात शिट्टी. समोर पोरं किती, ते कुंपणाला टेकून मोजलं. चाळीस. तास संपल्यावर मी होऊन ओळख करून घेतली, मीही याच धंद्यातला म्हणून सांगितलं. तो घाम पुसत म्हणाला, "काय सांगावं आण्णा, चाळीस पोरं म्हंजे लई व्हत्यात. येकायेकाकडं बघनं व्हतच न्हाई. पंचवीस असती तर कायतरी शिकवलं असतं."

मी हो हो म्हटलं आणि घरी आलो. जेवताना भाकरी अर्धी तशीच राहिली. सुनेनं विचारलं, "आण्णा, बरं वाटत न्हाई का?" बरं वाटत नव्हतंच. सत्तरी उलटलेल्या माणसाला पंचविशीतल्या पोराचा हेवा वाटला होता आणि तो भाकरीबरोबर खाली उतरत नव्हता.

माझी नोकरी निजामाच्या अमलातली. आमच्या बीड जिल्ह्यातलीच एक शाळा. नाव लिहीत नाही, ज्यांना ओळखायचं ते ओळखतील. तिला फौकानिया म्हणत, म्हणजे आताचं हायस्कूल. शिकवणं सगळं उर्दूतून. हेडमास्तरांना आम्ही सदरसाहेब म्हणायचो. वर्षातून एकदा मुआयन्याला, म्हणजे तपासणीला, मोहतमीमसाहेब यायचे, तेव्हा शाळेला चुना लागायचा आणि आम्हा मास्तर लोकांना परीटघडीचे कपडे.

खोलीत पस्तिसाच्या वर पोरं बसवायची नाहीत, हा सदरसाहेबांचा दंडक. छत्तिसावा आला की त्याचा बाप ओट्यावर बसून राहायचा, कुणी शाळा सोडतो का बघत. दिंद्रुडकडचा एक शेतकरी असा चार दिवस बसला होता. रोज सकाळी येऊन मला विचारायचा, "गेलं का बे कुनी?" जसा काही मीच पोरं पळवून लावणार होतो.

पण हा दंडक खोलीपुरता. माझ्याकडं मैदानावर चार वर्ग एकदम यायचे. एकशे तीस, एकशे पस्तीस पोरं आणि मी एक. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी सदरसाहेबांना बोललो. ते फार भले गृहस्थ, आवाज कधी चढायचा नाही. चष्मा वर करून म्हणाले, "मास्टरजी, कमरे कू दीवारें रहतीं, इसलिए बच्चे गिनना पडता. मैदान कू दीवार कहाँ है?"

यावर मला काही सुचलं नाही. पुढं कित्येक वर्षं सुचलं नाही.

आता तो माणूस. त्यांचं नाव वामनराव, सायन्स मास्तर, परभणीकडचे. अंगानं किरकोळ, डोळे मात्र बारीक नि तेज. त्यांच्या प्रयोगाच्या खोलीत तीस स्टुलं होती. तीस स्टुलं म्हणून तीसच पोरं, आणि बहुतेक वेळा तीसही नसायची. नवी फरशी खराब होते म्हणून पोरांनी बाहेर वहाणा काढायच्या असा नियम होता. मी मैदानाकडं जाताना त्या वहाणा मोजत जायचो. अठ्ठावीस जोड. रोज मोजायचो. एखाद्या दिवशी सव्वीसच निघाले की मला दिवसभर राग यायचा.

वामनरावांचं मला काय काय डाचत होतं ते सांगतो, आता लपवून काय करायचं. त्यांना सावली होती. त्यांना ओरडावं लागत नव्हतं, ते तपकीर ओढल्यासारखं हळू बोलायचे आणि पोरं ऐकायची. पण सगळ्यांत जास्त डाचायचं ते हे, की त्यांना पोरांची नावं ठाऊक होती. नुसती नावं नव्हे, बापाचं नाव, गाव, पोरगं कुठल्या मावशीकडं जेवतं, कुणाला भाताचा डबा येतो आणि कुणाला येतच नाही. बाजारात पोरं त्यांना बघून थांबायची. मला बघून एका रांगेत व्हायची.

मला पोरं ठाऊक होती ती अशी : तिसऱ्या कतारीतला लंबू, सातव्या कतारीतला फेंगडा, निळी टोपी. त्या निळ्या टोपीला मी वर्षभर निळी टोपी म्हणूनच हाक मारली. एक दिवस टोपी फाटली म्हणून तो लाल टोपी घालून आला. मी त्याला विचारलं, "नवा आला का रे तू? कोणत्या वर्गात?" पोरं हसली. तो हसला नाही. "मास्तर, मी हाय की," म्हणाला.

बाहेरच्या माणसाला वाटतं ड्रिल म्हणजे एक दोन, एक दोन. एकशे तीस पोरांना एकदम हात वर करायला लावणं सोपं नसतं. हुकूम दोन तुकड्यांत द्यावा लागतो. "दाहिने" म्हटलं की थांबायचं, शेवटच्या कतारीच्या कानात शिरेपर्यंत थांबायचं, आणि मग "फिर". ते थांबणं किती, हे जीभ शिकते. मी फौजेत चार वर्षं काढली होती, घोड्यानं गुडघ्यावर लाथ मारली म्हणून सुटलो, पण आवाज शाबूत होता. दुसरी गोष्ट म्हणजे कतार. अकराची एक, अशा अकरा-बारा कतारी. आणि तिसरी, जिचा मला सगळ्यांत अभिमान होता : रिकामी जागा दिसता कामा नये. पुढचा गळाला की मागच्यानं एक पाऊल टाकून त्याच्या जागी यायचं, त्याच्या मागच्यानं त्याच्या. हुकमाची वाट बघायची नाही. मी हे पोरांच्या इतकं अंगी बाणवलं होतं की एखादा लघवीला गेला तर तो परत येईस्तोवर त्याची जागा शिल्लक नसायची. शेवटची कतार तेवढी रोज कमी-जास्त असायची, कारण हाजिरी रोज कमी-जास्त.

गिऱ्हाइकंही नाना तऱ्हेची. एका वकिलाचा मुलगा ड्रिलला यायचा तेव्हा त्याचा कोट धरून गडी उभा असायचा. मी त्या गड्यालाही कतारीत उभा केला. वकिलांची तक्रार आली, गड्याची आली नाही. त्याला हात वर-खाली करायला आवडायचं. केजकडचा एक बाप तर भांडायलाच आला. "पळायचं तर घरी बैलामागं पळतंय की. तुमी पळवायला पगार घेता व्हय?" मी म्हटलं, बैलामागं पळताना छाती पुढं काढत नाही तो. बाप थोडा विचार करून म्हणाला, "छाती काढून कुठं जायचंय त्येला?"

मी मूळचा कडा गावाकडचा. आमच्या घरी मेंढरं. माझ्या बापाकडं दीडदोनशे मेंढरं असत आणि त्यानं ती जन्मात कधी मोजली नाहीत. आमच्यात कळप मोजत नाहीत, मोजला की घटतो असं धरतात. मग बाप काय करायचा, तर संध्याकाळी जाळीचं कुंपण घालायचा, त्याला वाघूर म्हणतात, आणि तिच्या तोंडाशी पाय रोवून उभा राहायचा. एकेक मेंढरू त्याच्या मांडीला घासून आत जायचं. सगळी आत गेली की तो आईला सांगायचा, "त्यो पांढऱ्या कानाचा न्हाई आला," आणि काठी घेऊन परत रानात निघायचा. किती नाहीत हे त्याला सांगता आलं नसतं. कोण नाही हे सांगता यायचं. तो म्हणायचा की दोन कोड्या, म्हणजे चाळीस, एका नजरेत मावतात. त्याच्या वर गेलं की तोंडाशी उभं राहावं लागतं.

पहिली दोन वर्षं मीही तसंच केलं. मैदानाच्या टोकाला दोन कडुलिंबाची झाडं होती. ड्रिल संपलं की त्यांच्या मधून एकेक पोरगं जाऊ द्यायचं आणि मी झाडाला टेकून तोंडं बघायची. नावं कळत नव्हती पण तोंडं कळायला लागली होती. त्याला दहा मिनिटं लागायची आणि पुढचा घंटा, म्हणजे तास, वामनरावांचा असायचा. त्यांनी तक्रार केली नाही. सदरसाहेबांनीच पाहिलं की सायन्सच्या खोलीत स्टुलं रिकामी आहेत आणि मास्तर दारात उभे आहेत. मला हुकूम आला, कतारी मोजा आणि सोडून द्या. मी समजलो की यामागं वामनरावच. लिंबाचं बंद केलं आणि कतारी मोजायला लागलो. अकरा अकरा, अकरा कतारी, शेवटची तुटकी. मोजायला अर्धं मिनिट पुरायचं.

हरिबा त्या सुमाराला आला. केजकडचा, बारा-तेरा वर्षांचा, मामाकडं राहायचा. मामा पेठेत दोऱ्या वळायचा. हरिबाला धाप लागायची. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. एकशे तीसमध्ये धाप ऐकू येत नाही.

ड्रिलच्या शेवटी मी सगळ्यांना एक फेरी पळवायचो. मैदान, मग शाळेच्या मागून, सायन्सच्या खोलीच्या पाठीमागून वळसा घालून परत. मागच्या बाजूला पोरं माझ्या नजरेआड व्हायची. त्या दिवशी ती परत आली, उभी राहिली, मी मोजलं. अकरा अकरा, शेवटची तुटकी. सोडून दिली. हात धुवायला हौदाकडं निघालो तर समोरून वामनराव आले. धोतराला चिखल, टोपी नाही, आणि दोन्ही हातांवर एक पोरगं. पोराचे ओठ निळसर पडलेले, छाती लोहाराच्या भात्यासारखी चाललेली.

"मास्तर," वामनराव म्हणाले, "तुमचा एक मुलगा कमी आहे."

तो मागच्या नालीत पडला होता. पडला त्या क्षणी त्याच्या मागच्यानं त्याची जागा घेतली, मागच्याची त्याच्या मागच्यानं. जसं मी शिकवलं होतं तसं. वामनरावांनी खिडकीतून पाहिलं. त्यांनी त्याला खोलीत नेऊन बसवलं, पाठ चोळली, गरम पाणी पाजलं. मी दारात उभा होतो. वहाणा काढाव्यात की नाही ते समजत नव्हतं.

"हरिबा, आता कसं वाटतंय?" वामनरावांनी विचारलं.

तेव्हा मला त्या पोराचं नाव कळलं. माझ्या मैदानावर तीन महिने उभं राहिलेल्या पोराचं नाव मला त्यांच्या तोंडून कळलं. मला त्या वेळी पोराची काळजी वाटायला हवी होती. वाटली, नाही असं नाही. पण आधी वाटला तो हेवा, आणि तो इतका कडू होता की मी आभारसुद्धा मानले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं की दरख्वास्त द्यायची. ड्रिलला एका वेळी चाळीसच पोरं असावीत, चारही वर्ग वेगळे करावेत, माझे घंटे वाढले तरी चालतील. सदरसाहेब म्हणाले, "मोहतमीमसाब मुआयने कू आ रहे. उन्हीं कू दो." अर्ज उर्दूत लिहायचा. मला उर्दू बोलता यायची, लिहिताना अक्षर कोंबडीनं पाय फिरवल्यासारखं. चांगलं अक्षर शाळेत एकाच माणसाचं होतं. म्हणजे जावं लागलं वामनरावांकडंच.

त्यांनी बोरू घेतला, मी सांगत गेलो. मध्येच थांबून म्हणाले, "चाळीसच का? पस्तीस मागा, बाकी वर्गांना आहेत तेवढी."

मी म्हटलं, "चाळीस एका नजरेत मावतात."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि चाळीस लिहिलं. लिहून झाल्यावर वाळू टाकत म्हणाले, "एक ऐका. साहेब येतील त्या दिवशी काही सजवू नका. सगळी पोरं रोजच्यासारखी उभी करा, फेरी मारायला लावा, आणि शेवटची कतार कशी येते ती त्यांना बघू द्या. अर्ज त्यांच्या डोळ्यांना वाचू द्या."

"बरं," मी म्हटलं.

"आणि तोवर हरिबाला तुमच्या घंट्याला माझ्याकडे पाठवा. दोन स्टुलं रिकामी आहेत."

इथं मी मोठा झालो असतो तर आज हे लिहायची वेळ आली नसती. मी म्हटलं, "माझी पोरं मी सांभाळीन, वामनराव. तुमी तुमची सांभाळा." त्यांनी बोरू पुसून ठेवला. अर्ज माझ्या हातात दिला. अक्षर खरोखर मोत्यासारखं होतं, त्याचाही मला राग आला.

मुआयन्याचा दिवस उजाडला. मी रात्री नीट झोपलो होतो, मन ठरलेलं होतं. काही सजवायचं नाही. एकशे एकतीस पोरं उन्हात उभी केली आणि वाट बघत राहिलो. मोहतमीमसाहेब आले, काळी शेरवानी, लाल तुर्की टोपी, मागं सदरसाहेब. आणि ते आधी सायन्सच्या खोलीत शिरले.

खोलीची खिडकी मैदानाकडं होती. वामनराव कसलीशी धातूची फीत पेटवून दाखवत होते. भर दिवसा खिडकीतून पांढरा लख्ख उजेड बाहेर आला, आणि त्यामागून मोहतमीमसाहेबांचा आवाज. "वाह. वाह, मास्टरसाब." मग हसणं. मग परत वाह.

मी माझी पोरं बघितली. शेवटची कतार दहाचीच, दातांत फट पडावी तशी. त्यात हरिबा. त्याच्या अलीकडं पलीकडं सगळे माझे कच्चे गडी : फेंगडा, एक लठ्ठ पोरगा, एक देवीचे वण असलेला, एक ज्याला डावं-उजवं कधी कळलं नाही. यांना घेऊन मी त्या उजेडापुढं उभा राहणार होतो. अर्जाचा कागद खिशात होता. मला त्या क्षणी चाळीस नको होते, मला एक 'वाह' पाहिजे होता. वामनरावांना मिळालेल्यापेक्षा मोठा.

मैदानाच्या एका कडेला जुन्या पागेची पडकी भिंत होती, पुरुषभर उंचीची. मी कतारींमधून भराभरा फिरलो आणि एकेकाच्या खांद्यावर हात ठेवला. तू, तू, तू. एकवीस काढले. एकशे दहा राहिले, म्हणजे अकराच्या बरोब्बर दहा कतारी, कुठं फट नाही. त्या एकविसांना म्हटलं, "भिंतीमागं जाऊन बसा. आवाज न्हाई झाला पायजे."

हरिबा म्हणाला, "मास्तर, आज पळायचं न्हाई का?"

"न्हाई. जा."

पुढचं सांगताना मला आजही अंगावर काटा येतो, आणि तो लाजेचा नाही हे कबूल करतो. तशी कवायत मी आयुष्यात परत केली नाही. एकशे दहा पोरं एका श्वासात फिरली. हात गेले ते एका उंचीला, खाली आले ते एका आवाजात. मोहतमीमसाहेबांनी छडी बगलेत धरली आणि पापणी हलवली नाही. संपल्यावर माझ्यापाशी आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सुभानल्लाह. एक आदमी, इतने लडके, और एक भी कदम गलत नहीं." मी तिरक्या नजरेनं बघितलं. वामनराव ओट्यावर उभे होते, तेही बघत होते. मला फार बरं वाटलं. इतकं बरं मला लग्नातही वाटलं नव्हतं.

मग सदरसाहेबांनी सुचवलं म्हणून मी अर्ज काढून दिला. साहेबांनी तो उभ्यानंच वाचला, हसले, आणि खिशातून पेन काढून त्यावर दोन ओळी लिहिल्या. मला वाचून दाखवल्या त्याचा मतलब असा : या मास्तरला चाळीसची गरज नाही, हा दोनशेही सांभाळील, पाचवा वर्गही याच्याकडे जोडावा, म्हणजे एक घंटा वाचेल. मला जरीकाठी साफा मिळाला. पुढच्या सोमवारपासून मैदानावर एकशे पासष्ट पोरं उभी राहिली.

वामनराव त्या संध्याकाळी हौदावर भेटले. मला वाटलं आता बोलतील. त्यांनी हात धुतले, पंच्याला पुसले, आणि एवढंच म्हणाले, "कवायत छान झाली." त्यांच्या बोलण्यात टोमणा शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. सापडला नाही, आणि त्यानं मी आणखीच चिडलो.

हरिबा मुआयन्याच्या दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मला हे कळलं ते आठवड्यानंतर, तेही सायन्सच्या खोलीबाहेर वहाणा मोजताना. सत्तावीस जोड होते. मी पहिल्यांदा स्वतः होऊन आत गेलो, वहाणा काढून, आणि विचारलं की कोण आलं नाही. वामनराव म्हणाले, "हरिबानं शाळा सोडली. मामाकडं दोनदा जाऊन आलो, नाही म्हणतो."

मी म्हटलं, "तुमची दोन स्टुलं रिकामी हुती ना?"

"आता तीन आहेत," ते म्हणाले. "उरलेल्यांतले तीन पाठवा. तिसाच्या वर मला घेता येत नाहीत."

म्हणजे वीस कच्च्या पोरांतली तीन निवडायची. ज्या दंडकाचा मी इतकी वर्षं हेवा केला, तो आतून कसा असतो ते त्या दिवशी बघितलं. निवडली तीन. उरलेली सतरा माझ्याकडंच राहिली. पण त्या दिवसापासून मी लिंबाचं परत सुरू केलं. एकशे पासष्ट पोरं दोन झाडांमधून एकेक सोडायची, नाव विचारायचं, तोंड बघायचं. पाव घंटा जायचा. सदरसाहेब दोनदा रागावले, मग सोडून दिलं. वामनराव खोलीच्या दारात उभे राहून वाट बघायचे आणि पोरं शेवटच्या स्टुलावर बसेपर्यंत शिकवायला सुरुवात करायचे नाहीत. असं मी नोकरीतून सुटेपर्यंत चाललं. शेवटचं पोरगं गेल्यावरही मी जरा वेळ झाडाला टेकून उभा राहायचो. बापाची सवय.

हरिबा मला त्यानंतर भेटला तो बऱ्याच वर्षांनी, केजच्या बाजारात. मी बैल बघायला गेलतो. दोऱ्या, दावी, कासरे मांडून एक दाढीवाला बसला होता. त्यानंच हाक मारली. "मास्तर, वळखलं का?" मी ओळखलं. तोंडावरून नाही, श्वासावरून.

त्यानं पोतं टाकून बसवलं. चहा मागवला. बायको, दोन लेकरं, दोऱ्यांचा धंदा, सगळं सांगितलं. मग वामनराव सरांची आठवण काढली, "त्यांनी मला उचलून आनलतं, न्हाईतर मी त्या नालीतच गेलतो." एवढ्या वर्षांनीसुद्धा मला ती सुई टोचली. मी विषय बदलावा म्हणून विचारलं, "शाळा कावून सोडली बे तू?"

"मामानं सोडवली. त्या दिशी घरी गेलो तर मामा म्हनला, सायबापुढं कवायत केली का? म्या म्हनलं, आमी भितीआड बसलतो, मास्तरांनी बसवलं. मामा म्हनला, दाखवायच्या कामाचा न्हाईस तर मंग जातूस कशाला." हे त्यानं तक्रारीनं सांगितलं नाही. कासऱ्याला गाठ मारत मारत सांगितलं.

मी चहाचा कप खाली ठेवला. तो माझ्याकडं बघून म्हणाला, "पर मास्तर, कवायत लई झकास झालती त्या दिशी."

"तुला काय दिसलं असंल भिंतीआडून," मी म्हटलं.

"दिसलं कुठं. आयकू येत हुतं. तुमचा आवाज आला की आमीबी करत हुतो. बसा म्हनलता तुमी, पर कुनी बसलंच न्हाई. सात-सातच्या तीन कतारी केल्या आमीच. त्यो फेंगडा नव्हता का, त्योबी बरोबर फिरला. ज्याला डावं-उजवं कळत नव्हतं, त्योबी." हरिबा हसला, हसताना त्याला धाप लागली, आणि धाप ओसरल्यावर म्हणाला, "येकबी चुकला न्हाई, मास्तर."

बैल न बघताच मी परत आलो. वाटेत सदरसाहेबांना द्यायचं उत्तर मला इतक्या वर्षांनी सापडलं होतं, पण ते केव्हाच वारले होते. मैदानाला भिंत होती. मी जन्मभर मागितलेला लहान वर्ग त्या दिवशी तिच्या पलीकडे कवायत करत होता, आणि त्याच्यासमोर मास्तर नव्हता.